मुलाच्या हाती पिशवी कोणी दिली?



दिवाळीची सुटी संपवून मुले वसतिगृहात परतली की पहिले आठ दिवस माझे लक्ष त्यांच्या अंगावरच्या खरजेकडे आणि डोक्यातल्या उवांकडे असते. या वेळी आठवीतला एक मुलगा वेगळ्याच कारणाने लक्षात आला. तो रात्री सारखा उठायचा, दिवसा चिडचिड करायचा. दोन दिवसांनी मी भाकरी थापत असताना जवळ येऊन बसला आणि आपणहून म्हणाला, "ताई, घरी बाबा मला रोज पिशवी आणायला पाठवायचे. येताना मी थोडी प्यायचो."

पिशवी म्हणजे गावठी दारूची प्लॅस्टिकची पिशवी. मुलाचे वय तेरा.

आपले काम नंदुरबार जिल्ह्यातील पाड्यांवर चालते, हे आपणांस ठाऊक आहेच. इथे मोहाचे झाड म्हणजे घरातलेच माणूस. त्याची फुले लोक खातात, वाळवून विकतात. सणाला, लग्नाला, पूजेला मोहाची दारूही पूर्वापार चालत आलेली. पण आज पाड्यावर पिशवीतून जी विकली जाते ती बहुधा काळा गूळ आणि नवसागर घालून केलेली, निव्वळ धंद्याची दारू असते. परंपरेच्या नावाखाली तिचे समर्थन करता येणार नाही, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

मुलांना दारू विकू नये असा कायदा आहे, हे आपण सारे जाणतो. तो नेमका काय आहे, हे मात्र मलाही या मुलामुळेच नीट समजून घ्यावे लागले. ते आपणांस सांगावे म्हणून हा लेख.

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. सौम्य बिअरसाठी एकवीस. हा नियम परवाना असलेल्या दुकानासाठी उपयोगाचा आहे, कारण तिथे परवाना जाण्याची भीती असते. पाड्यावरच्या झोपडीत परवानाच नसतो. तिथली विक्री मुळातच बेकायदा असते, मग गिऱ्हाईक तेरा वर्षांचे असो वा साठ.

म्हणून पाड्यावर दुसरा कायदा महत्त्वाचा ठरतो: २०१५ चा बाल न्याय अधिनियम. त्याच्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला, डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज, दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ मुलाकडून दारू विकवून घेणे, वाहून नेणे, पोहोचवणे यासाठी आहे, आणि शिक्षा तेवढीच. "मी बापासाठी दिली, पोराला नाही," असे विकणारा म्हणतो. ही कलमे वाचली की त्या सबबीत फारसा दम उरत नाही. मुलाला पाठवणाऱ्या बापानेही ती वाचायला हवीत.

एवढा कडक कायदा असताना मुलाच्या हाती पिशवी येते कशी? पाड्यावरच्या चार बाया, आमचे पाळक आणि मी, असे आम्ही पोलिस ठाण्यात गेलो तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. साहेबांनी आमचे ऐकून घेतले. छापाही पडला. पण कागदावर आले ते इतकेच: अवैध दारू, इतके लिटर, नाश केला. मुलाचा उल्लेख कुठेही नव्हता. चार दिवसांत भट्टी पुन्हा पेटली.

आपल्या एका वकील हितचिंतकांनी यामागची अडचण समजावून सांगितली. २०२१ साली बाल न्याय अधिनियमात दुरुस्ती झाली आणि सप्टेंबर २०२२ पासून ती लागू आहे. तिच्यामुळे कलम ७७ व ७८ चे गुन्हे अदखलपात्र झाले. म्हणजे केवळ या कलमांखाली तक्रार आली, तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पण अवैध दारूविक्रीचा गुन्हा दखलपात्र आहे, आणि एकाच घटनेत एक जरी गुन्हा दखलपात्र असेल तर सारे प्रकरण दखलपात्र धरले जाते. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच तक्रारीत लिहाव्या लागतात. दारू विकली हे लिहायचे, आणि ती कोणत्या वयाच्या मुलाच्या हाती दिली हेही लिहायचे. आम्ही तोंडी बोललो होतो, त्यामुळे मूल कागदावर आलेच नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही तक्रार लेखी दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. सोबत शाळेचा जन्मतारखेचा दाखला जोडला, कारण वय ठरवताना कायदा आधी तोच पाहतो. प्रत्येक ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी बालकल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असतो. तक्रार त्यांच्या नावे केली. प्रती राज्य उत्पादन शुल्क विभागाला आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला पाठवल्या. वाचकहो, आपल्या गावी असे काही दिसले तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कोणालाही कळवता येते. मुलाचे नाव मात्र बाहेर बोलू नका. ते छापायलाही कायद्याने मनाई आहे, म्हणून इथेही दिलेले नाही.

खरा बदल मात्र ग्रामसभेत सुरू झाला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दारूच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्राचे त्याबाबतचे नियम २०१४ साली आले. पाड्यावरच्या बायांनी ठराव मांडला: अठरा वर्षांखालील मुलाला कोणीही दारू देणार नाही, आणि कोणीही मुलाला ती आणायला पाठवणार नाही. बराच गोंधळ झाला. शेवटी ठराव लिहिला गेला, सह्या-अंगठे झाले. आता बाया तक्रार करायला जातात तेव्हा ठरावाची प्रत त्यांच्या हातात असते.

एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. मुलाला पिशवी देणारी बाई आमच्याच मंडळीतली आहे. विधवा, पदरी तीन मुले. "ताई, मी नाही विकली तर यांची फी कोण भरेल?" असे तिने मला विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. तिच्यावरची तक्रार आम्ही मागे घेतलेली नाही. मात्र तिने विक्री थांबवली आहे, आणि मंडळीने तिला दोन शेळ्या घेऊन दिल्या आहेत. दोन शेळ्यांवर तीन मुले शिकत नाहीत, हे आम्ही जाणतो.

मुलगा आता रात्री झोपतो. सर्वांना काळजी आहे ती उन्हाळ्याच्या सुटीची. त्याचा बाप एकदा वसतिगृहात येऊन गेला, मान खाली घालून बसला, फार बोलला नाही. या दोन घरांसाठी आपण प्रार्थना करावी, आणि त्या माउलीच्या मुलांच्या फीसाठी जमेल तेवढा हातभार लावावा, ही नम्र विनंती.

आपली,
वसतिगृहाची ताई