युद्धाचा हिशेब आणि हिशेबाबाहेरची माणसे

युद्धाचा खर्च म्हणजे तोफा, विमाने आणि सैनिकांचे पगार, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. अर्थसंकल्पातला संरक्षणाचा आकडा पाहिला की हिशेब संपला असे वाटते. वस्तुतः तो तेथून सुरू होतो. श्रीलंकेतील यादवी युद्ध जुलै १९८३ मधील तमिळांच्या कत्तलीनंतर भडकले आणि मे २००९ मध्ये संपले. युद्ध चालू असतानाच काही अर्थशास्त्रज्ञांनी त्याची किंमत मोजण्याचा प्रयत्न केला, म्हणून हे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

निशा अरुणतिलके, सिसिर जयसूर्य आणि समन केलेगम ह्यांचा निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. १९८४ ते १९९६ ह्या काळात युद्धाची किंमत १९९६ सालच्या देशांतर्गत उत्पादनाच्या किमान दुप्पट झाली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे साऱ्या देशाने दोन वर्षे राबून जे पिकवावे, घडवावे, ते ह्या तेरा वर्षांत गेले.

हा आकडा येतो कसा? सरकार आणि बंडखोर ह्या दोन्ही बाजूंचा लष्करी खर्च, उद्ध्वस्त घरे व पूल, निर्वासितांवरचा खर्च, ही प्रत्यक्ष किंमत. ती तुलनेने सोपी. अप्रत्यक्ष किंमत म्हणजे जे घडलेच नाही त्याचे मोल. १९८२ साली श्रीलंकेत चार लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते. १९८७ साली ते दोन लाखांच्याही खाली गेले. कांकेसंतुरैचा सिमेंट कारखाना १९९० मध्ये बंद पडला. उत्तरेकडची शेती आणि मासेमारी खुंटली, भांडवल आले नाही, शिकलेली माणसे देश सोडून गेली. हे सगळे मोजायचे तर आधी एक कल्पित देश उभा करावा लागतो : युद्ध झाले नसते तर तो कसा वाढला असता? खरा देश आणि हा कल्पित देश ह्यांतली तूट म्हणजे युद्धाची किंमत.

येथेच वाद सुरू होतो. १९८३ पूर्वीचा वाढीचा वेग तसाच टिकला असता हे कशावरून? शिवाय १९८७ ते १९८९ दरम्यान दक्षिणेत सिंहली तरुणांचा वेगळाच उठाव झाला. त्या पडझडीचे खापर कोणत्या युद्धावर फोडायचे? त्यात राष्ट्रीय उत्पन्नाची रीतही अशी चमत्कारिक, की सैनिकाचा पगार त्यात उत्पन्न म्हणून धरला जातो आणि तुटलेला पूल पुन्हा बांधला की उत्पादन वाढलेले दिसते. म्हणूनच युद्धाच्या बहुतेक वर्षांत देशाची वाढ कागदोपत्री चालूच राहिली. ती खाली घसरली २००१ मध्ये. जुलैमध्ये कटुनायके विमानतळावर हल्ला झाला. दुष्काळ आणि जागतिक मंदी होतीच. त्या वर्षी उत्पादन सुमारे दीड टक्क्याने घटले.

मृत माणसाची किंमत लावण्याची रूढ पद्धत अशी : तो जगता तर उरलेल्या आयुष्यात किती कमावता, तेवढे त्याचे मोल. पद्धत निरुपद्रवी वाटते. पण जाफन्यात वेल्लाळांचे वर्चस्व. पळ्ळर, नळवर, परैयर इत्यादी पंचमर जाती भूमिहीन, ताडी काढणाऱ्या, मजुरी करणाऱ्या. १९६८ साली माविट्टपुरमच्या मंदिरप्रवेशासाठी त्यांना लढावे लागले होते. जातीने ज्याची मजुरी पाडून ठेवली, त्याचा मृत्यूही ह्या गणितात स्वस्त ठरतो. प्रस्थापितांच्या अर्थशास्त्राला ह्यात काही खटकत नाही, कारण ते बाजारभाव हाच न्याय मानते. आपण तसे मानू शकत नाही. स्त्रीचे घरकाम तर बिनमोलाचेच असल्याने तिच्या मरणाची नोंद अनेकदा शून्यावर येते.

ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तरेतल्या सुमारे सत्तर हजार मुसलमानांना घरेदारे सोडायला लावली. दुकाने, दागिने, जमिनी मागे राहिल्या. ह्या लुटीला सरासरीच्या आकड्यात कोठे शोधायचे? सरासरी सगळ्यांवर सारखी पसरते. नुकसान तसे पसरत नाही. परदेशात आप्त असलेले, पैसा असलेले जाफना सोडून कोलंबो, लंडन, टोरोंटो गाठू शकले.

कलिंग ट्यूडर सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या जातिविषयक अभ्यासात जाफन्यातल्या विस्थापितांच्या छावण्यांची पाहणी आहे. वर्षानुवर्षे तेथे अडकून पडलेल्यांत पंचमर जातींचे लोक बहुसंख्य आढळले. इतरांनी जमीन विकत घेतली, नातेवाइकांकडे आसरा घेतला. ह्यांच्याजवळ घ्यायला पैसा नव्हता, आणि कोणी विकायला तयार असला तरी खालच्या जातीचा शेजार नको म्हणून अडवणूक होई.