एक आराखडा, दोन मापं

21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा खेळ होता. बदलीवर निघालेले कलेक्टर जॅक्सन निरोपाचे पाहुणे होते. अनंत कान्हेरे या कोवळ्या वयाच्या मुलाने त्यांना तिथेच गोळ्या घातल्या. पुढे 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झाली. हा इतिहास आपण शाळेत वाचलेला असतो. त्यातल्या हत्याराचा मात्र ‘ब्राउनिंग पिस्तूल’ एवढाच उल्लेख येतो आणि पान उलटलं जातं.

सावरकरांनी लंडनहून अशी वीस ब्राउनिंग पिस्तुलं काडतुसांसह धाडली होती. चतुर्भुज अमीन यांच्या पेटीला चोरतळ होता, त्यात ती मुंबईला उतरली. दहा वर्षं आधी हे जमलं असतं का, याची मला शंका आहे. तोवर भरवशाचं हत्यार म्हणजे रिव्हॉल्व्हर, आणि रिव्हॉल्व्हरचं गोल चक्र पेटीच्या तळाशी काही केल्या चपटं बसत नाही. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने पिस्तूल चपटं केलं. काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये गेली आणि वरून एक सपाट स्लाइड आली. बेल्जियममधल्या एर्स्तालच्या एफएन कारखान्याने 1900 साली ते बाजारात आणलं.

मला खरी गंमत वाटते ती त्यापुढच्या, 1903 च्या आराखड्याची. हा एकच आराखडा दोन कारखान्यांनी दोन मापांत काढला. एफएनचं मोठं पिस्तूल 205 मिलिमीटर लांब, वजनाला 930 ग्रॅमच्या आसपास, आणि त्याच्या मॅगझिनमध्ये 9 मिलिमीटरची सात काडतुसं. अमेरिकेतल्या कोल्टचं धाकटं पिस्तूल सतरा-अठरा सेंटिमीटरचं, 680 ग्रॅमच्या आतबाहेर, त्यात .32 इंचाची आठ. दोघांचाही घोडा स्लाइडच्या आत झाकलेला, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. दोघांच्याही मुठीमागे एक दट्ट्या आहे; मूठ नीट आवळल्याशिवाय चाप ओढला तरी बार उडत नाही. नळीही दोघांत सारख्याच रीतीने बसते. तिच्या बुडाशी दाते आहेत, ते सांगाड्यातल्या खाचांत अडकतात. स्लाइड ठरावीक जागी आणून नळी फिरवली की ती मोकळी होते.

मग मापात एवढा फरक का? उत्तर काडतुसात आहे. या पिस्तुलात नळी आणि स्लाइड एकमेकांत कुलूपबंद नसतात. बार उडाला की रिकामी पुंगळी मागे रेटली जाते आणि तीच स्लाइडला ढकलते. तो धक्का तोलायला स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगची ताकद, एवढंच काय ते भांडवल. काडतूस जोरकस असेल तर स्लाइड जड हवी, स्लाइड जड म्हणजे सांगाडा मोठा. .32 चं काडतूस सौम्य, म्हणून कोल्टला सगळंच आखूड आणि हलकं करता आलं. मोठ्यातलं 9 मिलिमीटर काडतूसही आज पोलिसांच्या पिस्तुलात असतं ते नव्हे. ते ‘ब्राउनिंग लाँग’. त्याची पुंगळी 20 मिलिमीटरची, आजच्याची 19. नावावर गेलात तर फसाल.

मोठ्याला गिऱ्हाईक मिळालं ते गणवेशातलं. स्वीडनच्या सैन्याने ते आधी एफएनकडून विकत घेतलं आणि पुढे 1917 ते 1942 हुस्कवार्नाच्या कारखान्यात स्वतः बनवलं. रशिया आणि तुर्कस्थाननेही ते घेतलं. एफएनने 1927 मध्ये ते बंद केलं, तोवर त्यांच्याकडून साठ हजारांच्या आतच नग निघाले होते. धाकट्याचं उत्पादन 1945 पर्यंत चाललं आणि .32 चे एकट्याचे पाच लाख सत्तर हजारांवर नग खपले. अमेरिकेच्या सेनापतींना तेच मिळायचं. पण ते मूळचं खिशातलं हत्यार. कोटाखाली, सदऱ्याखाली, कुणाच्या नजरेत न येता वागवायचं.

बाजारपेठांचीही वाटणी झालेली होती. युरोपचा मुलुख एफएनकडे, अमेरिका आणि ब्रिटन कोल्टकडे. म्हणून लंडनमध्ये राहणाऱ्या मदनलाल धिंग्रांनी जानेवारी 1909 मध्ये गॅमेजच्या दुकानातून राजरोस पैसे मोजून घेतलं ते कोल्ट. 1 जुलैला ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीवर ते चाललं. पकडले गेले तेव्हा त्यांच्याजवळ बेल्जियन बनावटीचं दुसरं पिस्तूलही होतं.

भगतसिंगांचं पिस्तूलही .32 चं कोल्टच, क्रमांक 168896. 17 डिसेंबर 1928 ला लाहोरमध्ये पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी, त्यांच्यामागून भगतसिंगांनी. खटल्यानंतर ते पिस्तूल फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण शाळेत गेलं आणि तिथून सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्रशाळेत. तिथे इतर हत्यारांच्या रांगेत ते काळ्या रंगाखाली वर्षानुवर्षं पडून होतं. 2016 मध्ये रंग खरवडला, क्रमांक जुळला, तेव्हा कुठे ते कोणाचं ते कळलं. आता ते हुसैनीवालाला आहे. इंदूरसारख्या निम्म्या मराठी शहरात ते एवढी वर्षं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, ही गोष्ट मला अजून खटकते. चंद्रशेखर आझादांचं पिस्तूल प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. तेही कोल्ट 1903, बिनघोड्याचं म्हणून ओळखलं जाणारं. घोडा असतो, फक्त दिसत नाही.

धिंग्रा, भगतसिंग, आझाद या तिघांच्याही हाती कोल्टच होतं. नेमबाज म्हणेल की लांब नळी, जड वजन, मूठ भरणारी पकड, त्यामुळे मोठंच सरस. मैदानावर त्याचं खरं आहे. पण ज्याला नाट्यगृहाच्या दारातून शांतपणे आत जायचं आहे, त्याच्या हिशेबात ती अडीचशे ग्रॅमची तफावतच निर्णायक ठरते.

दोन्ही पिस्तुलं इतिहासजमा झाली तरी धाकट्याचं काडतूस आपल्याकडे टिकून आहे, आणि तेही कायद्यामुळे. सैन्य-पोलिसांच्या वापरातलं 9 मिलिमीटर भारतात सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, .32 मोडत नाही. त्यामुळे परवानाधारकाच्या कमरेला बहुतेकदा .32 च दिसतं. आयुध निर्माणीने ‘अशनी’ काढलं तेही याच बोअरमध्ये. इकडे वर्धा जिल्ह्यात, रोहणा-आर्वीच्या पट्ट्यात पिस्तुलाचं कुणाला फारसं अप्रूप नाही. रानडुकरं आणि रोही शेतातून पिटाळायला बाराबोअरचा आवाजच लागतो. पुलगावचा दारूगोळा डेपो एवढा जवळ असूनही तिथला माल लष्कराचा, गावकऱ्याच्या कामाचा नाही. 7.65 मिलिमीटरची, म्हणजेच .32 ची काडतुसं येतात खडकीच्या कारखान्यातून. पंचनाम्यात हवालदार ‘बुडावर केएफ 7.65 असे कोरलेली पुंगळी’ असं लिहितो. त्यातलं केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आणि 7.65 हे माप एर्स्तालच्या पहिल्या ब्राउनिंगपासून चालत आलेलं.