पाणी चढवणारा एडका

तळोद्याहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची रांग समोर उभी दिसते. दक्षिणेला तापीकाठची सपाट जमीन. तिथे विजेचे पंप आहेत, केळी आहे, ऊस आहे. डोंगरात मात्र उलटी तऱ्हा. पाणी खाली नाल्यात आणि पाडा वर टेकाडावर. मधली चढण बायाबापड्या डोक्यावर हंडा घेऊन चढतात. हे पाणी स्वतःच्याच जोरावर वर चढले तर? ऐकायला जादू वाटते. पण असे यंत्र दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तयार झाले आणि आजही चालते. त्याचे नाव हायड्रॉलिक रॅम. रॅम म्हणजे एडका.

हे नाव का पडले? जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला, की कधीकधी पाइपमध्ये ‘ठक्’ असा आवाज होतो. धावते पाणी अचानक अडले की त्याच्या वेगाचे रूपांतर दाबात होते. तोच हा धक्का. रॅम या धक्क्यावर चालतो. नाल्याचे पाणी उतारावरच्या लोखंडी पाइपमधून यंत्रात येते आणि एका उघड्या झडपेतून बाहेर पडू लागते. वेग वाढला की पाण्याच्याच रेट्याने ती झडप खाडकन मिटते. अडलेले पाणी एडक्यासारखी धडक देते, दुसरी झडप उघडते आणि थोडे पाणी हवा कोंडलेल्या टाकीत घुसते. तिथली दाबलेली हवा त्याला वरच्या पाइपात ढकलते. इकडे दाब ओसरतो, पहिली झडप आपोआप उघडते आणि पुन्हा तेच. ठक्, ठक्, रात्रंदिवस.

अर्थात, निसर्ग फुकट काही देत नाही. समजा, मिनिटाला ६० लिटर पाणी घेतले, त्याला २ मीटरचा उतार मिळाला आणि पाडा २० मीटर उंचावर आहे. मग वर मिनिटाला जेमतेम साडेतीन लिटर पोहोचेल. बाकीचे नाल्यात परत. साडेतीन लिटर म्हणजे चेष्टाच, असे वाटेल. पण २४ तासांत ते ५ हजार लिटर होते. १५ लिटरच्या हंड्याने मोजा : तीनशेहून अधिक खेपा!

इंग्लंडमधल्या जॉन व्हाइटहर्स्ट या घड्याळजीने १७७२ मध्ये या तत्त्वावरचे यंत्र बनवले. पण त्याचा नळ माणसाला उघडावा-मिटावा लागे. १७९६ च्या सुमारास फ्रान्सच्या जोसेफ माँगोल्फिए यांनी ते आपोआप चालते केले. गरम हवेच्या फुग्यामुळे नाव झालेले हेच ते माँगोल्फिए. त्यांना आपल्या कागद गिरणीसाठी पाणी चढवायचे होते. पुढे वाफ आली, डिझेल आले, वीज आली. पाण्यावर चालणारी बहुतेक यंत्रे भंगारात गेली. रॅम मात्र टिकला. ब्रिटनच्या खेड्यांत शंभरी ओलांडलेले रॅम अजून ठोके देतात आणि उत्तराखंडात डोंगरउतारावरच्या शेतांना अशाच यंत्रांनी पाणी दिले जाते. कारण साधे आहे : हलणारे भाग दोनच आणि इंधनाचा खर्च शून्य. गाळ-पाला काढावा, झिजलेले रबर बदलावे, एवढीच चाकरी.

पाण्याच्या बळाची ओळख आपल्याला नवी नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आजही पाहता येते. आपल्याच जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या बिलगावच्या लोकांनी श्रमदान करून २००३ मध्ये १५ किलोवॉटचा जलविद्युत प्रकल्प उभा केला होता. पाण्याने घरात दिवे लावले. २००६ मध्ये तो प्रकल्पच पाण्याखाली गेला. पण डोंगरातली माणसे असे यंत्र उभारू शकतात आणि चालवू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले होते.

मग सातपुड्यात हा एडका का बांधू नये? एकच अट आहे, पण ती मोठी आहे : नाला वाहता हवा. होळीनंतर जो नाला कोरडा पडतो, तिथे रॅम म्हणजे नुसते लोखंड. नाला वाहता राहायचा तर वरचे जंगल राहिले पाहिजे, माती धरून ठेवली पाहिजे. यंत्र दोन माणसे आठवड्यात बसवतील. झरा जपायला मात्र सारा पाडा लागतो, आणि सगळी वर्षे लागतात. तेवढे केले, तर वरच्या पाड्यातल्या एखाद्या मुलीची पहाटेची खेप चुकेल आणि ती वेळेवर शाळेत पोहोचेल.