गृहजाल, तारयुक्त

घरातील संगणक, दूरचित्रवाणी संच, मुद्रक इ. उपकरणे केबलींच्या साहाय्याने एकमेकांस आणि बाहेरून येणाऱ्या ब्रॉडबँड सेवेस जोडणारी संदेशवहन व्यवस्था. भारतात २००४ च्या धोरणानुसार सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाची सेवा ब्रॉडबँड गणली जाई; २०२३ मध्ये ही मर्यादा २ मेगॅबिट करण्यात आली. प्रकाशीय तंतूंमुळे याच्या शेकडो पट वेग घरापर्यंत येऊ शकतो. परंतु तो संगणकापर्यंत पोहोचेलच असे नाही. संपूर्ण मार्गाचा वेग त्यातील सर्वांत मंद दुव्याच्या वेगाहून अधिक असू शकत नाही, हे गृहजालाचे मूलतत्त्व होय.

इतिहास : अशा जालांत सामान्यतः ईथरनेट ही पद्धत वापरतात. ती १९७३ च्या सुमारास अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पॅलो ॲल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी विकसित केली. पीळ दिलेल्या तारांच्या केबलीवरून सेकंदाला १० मेगॅबिट वेगाचे मानक १९९० मध्ये, १०० मेगॅबिटचे १९९५ मध्ये व १,००० मेगॅबिटचे १९९९ मध्ये संमत झाले.

रचना : सेवादात्याने बसविलेले मोडेम, त्यास जोडलेला राउटर, आवश्यकतेनुसार स्विच, केबली आणि संगणकातील जोडणी-मंडल हे या मार्गाचे मुख्य घटक होत. केबलीत तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीस पीळ दिल्याने बाहेरील विद्युत् चुंबकीय बाधा दोन्ही तारांवर जवळजवळ सारखी होते व ग्राहक टोकाला दोहोंतील फरकच मोजला जात असल्याने ती बाधा वजा होते. शेजारच्या जोड्यांचा परस्परांवरील परिणामही पिळामुळे कमी होतो. एका केबलीची कमाल लांबी १०० मी. धरतात.

वेग घटण्याची कारणे : १०० मेगॅबिट वेगास तारांच्या दोन जोड्या पुरतात, १,००० मेगॅबिटसाठी चारही जोड्या लागतात. म्हणून एखादी तार तुटली अथवा टोकाच्या खटक्यात नीट बसली नाही, तर अनेक उपकरणे जोडणी न तोडता निमूटपणे १०० मेगॅबिटवर उतरतात. जाल चालू दिसते. पण ३०० मेगॅबिटचे शुल्क भरणाऱ्या ग्राहकास त्याचा तिसरा हिस्साही मिळत नाही. राउटर वा स्विच जुना व १०० मेगॅबिट क्षमतेचा असल्यासही हेच घडते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलींचा विद्युत् रोध अधिक असतो व त्या मानकांत बसत नाहीत. टोक बसविताना जोड्यांचा पीळ सु. १३ मिमी.पेक्षा अधिक उकलणे, केबल तीव्र कोनात वाकविणे किंवा वीजवाहक तारांना चिकटून लांबवर नेणे, यांमुळेही संदेशात दोष निर्माण होतात.

मोजणी व तपासणी : सेवेचा वेग बिटमध्ये सांगतात, तर संगणकावर फाइल उतरण्याचा वेग बहुधा बाइटमध्ये दिसतो. एका बाइटमध्ये ८ बिट असल्याने १०० मेगॅबिट म्हणजे १२.५ मेगॅबाइट, ही घट नव्हे. प्रत्येक संदेशखंडासोबत पत्ता व नियंत्रणविषयक माहिती जात असल्याने १०० मेगॅबिटच्या दुव्यावरून प्रत्यक्षात सु. ९४ ते ९५ आणि १,००० मेगॅबिटच्या दुव्यावरून सु. ९४० ते ९५० मेगॅबिट एवढाच उपयुक्त वेग मिळतो. त्यामुळे अधिक वेगाची सेवा असूनही मोजणी वारंवार ९४ च्या आसपास थांबत असेल, तर मार्गातील एखादा दुवा १०० मेगॅबिटवर चालत असल्याचा तो ठळक संकेत होय. दोष शोधण्यासाठी प्रथम संगणक आखूड व खात्रीच्या केबलीने थेट राउटरला जोडून वेग मोजतात. मग भिंतीतील केबल, स्विच असा एकेक घटक जोडून प्रत्येक वेळी पुन्हा मोजणी करतात. ज्या घटकानंतर वेग घटतो, तो घटक किंवा त्याची जोडणी सदोष असते. पहिल्याच मोजणीत वेग कमी आढळल्यास राउटर, त्यास मोडेमशी जोडणारी केबल, संगणकाचे जोडणी-मंडल आणि सरतेशेवटी बाहेरील सेवा तपासावी लागते. या क्रमाने गेल्यास अधिक महाग सेवा घेण्याचा निष्फळ खर्च टळतो. कारण पुष्कळदा दोष एका साध्या केबलीतच असतो.