मेंदूच्या प्रतिमांतील दिशा व सहनिर्देशक पद्धती
संगणकीकृत छेददर्शन (सीटी) व चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन (एमआरआय) यांसारख्या तंत्रांनी मिळणारी मेंदूची प्रतिमा ही वस्तुतः संख्यांची त्रिमितीय मांडणी असते. या मांडणीतील कोणती संख्या मेंदूच्या कोणत्या स्थानाची आहे, रुग्णाची उजवी बाजू कोणती व डावी कोणती आणि एका व्यक्तीच्या मेंदूतील बिंदू दुसरीच्या मेंदूतील कोणत्या बिंदूशी जुळतो, हे निश्चित करण्यासाठी जे संकेत व ज्या गणिती रीती वापरतात त्यांचा विचार या नोंदीत केला आहे.

मांडणीतील प्रत्येक संख्या एका लहानशा घनाकृती भागाची निदर्शक असते. त्यास घनघटक (व्हॉक्सेल) म्हणतात. मेंदूच्या रचनेच्या तपशीलवार एमआरआय प्रतिमेत तो बहुधा सुमारे १ मिमी. बाजूचा असतो. घनघटकाचे मांडणीतील स्थान तीन अनुक्रमांकांनी सांगता येते. परंतु हे अनुक्रमांक केवळ संगणकाच्या स्मृतीतील क्रम दाखवितात. पहिला अनुक्रमांक वाढत असता आपण रुग्णाच्या उजवीकडे जात आहोत की डावीकडे, हे त्या संख्यांवरून समजत नाही. ती माहिती स्वतंत्रपणे नोंदवून ठेवावी लागते व ती एकदा हरवली की प्रतिमेवरून परत मिळविणे जवळजवळ अशक्य असते.

उजव्या-डाव्याचा प्रश्न : वर-खाली किंवा पुढे-मागे अशी अदलाबदल झाली, तर ती पाहताक्षणीच लक्षात येते. नाक, डोळे व मागील बाजूस असलेला अनुमस्तिष्क हे आपापल्या जागी दिसत नाहीत. उजवी-डावी अदलाबदल मात्र डोळ्यांना खटकत नाही, कारण मेंदूचे दोन्ही गोलार्ध दिसावयास एकमेकांच्या आरशातील प्रतिबिंबासारखे असतात. छातीच्या क्ष-किरण चित्रात हृदयावरून बाजू ओळखता येते. डोक्याच्या चित्रात असा आधार नाही. दोन गोलार्धांत थोडे रचनात्मक फरक असतात, हे खरे. बहुधा उजव्या गोलार्धाचे पुढील टोक व डाव्याचे मागील टोक किंचित पुढे आलेले असते. नॉर्मन गेशविंड व वॉल्टर लेव्हिट्स्की यांनी १९६८ मध्ये १०० मेंदूंची मोजमापे प्रसिद्ध केली. भाषेशी संबंधित असा शंखखंडावरील एक सपाट भाग त्यांपैकी ६५ मेंदूंत डावीकडे व ११ मेंदूंत उजवीकडे मोठा होता. उरलेल्या २४ मध्ये दोन्ही बाजू सारख्या होत्या. अशा फरकांवरून समूहाविषयी विधान करता येते. समोरच्या एका रुग्णाची बाजू त्यांवरून ठरविणे धोक्याचे आहे.

रचनेत एवढे साम्य असले, तरी कार्यात तसे नाही. पॉल ब्रॉका यांनी १८६५ मध्ये वाचेचे केंद्र डाव्या गोलार्धात असल्याचे प्रतिपादन केले व बहुसंख्य लोकांच्या बाबतीत ते खरे ठरले आहे. शरीराच्या उजव्या बाजूच्या हालचालींचे नियंत्रणही डावा गोलार्ध करतो. त्यामुळे उलटलेली प्रतिमा संशोधकास वाचेचे केंद्र उजवीकडे असल्याचे दाखवील आणि शल्यचिकित्सकास अर्बुद निरोगी बाजूस असल्याचे भासवील.

पाहण्याचे संकेत : आडव्या छेदाचे चित्र दोन प्रकारे मांडण्याचा प्रघात आहे. क्ष-किरणतज्ज्ञ हा रुग्णाच्या पायांकडून पाहत आहे असे मानतो. त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू चित्रात पाहणाऱ्याच्या डाव्या हाताकडे येते. समोर बसलेल्या रुग्णास पाहताना असेच दिसते. तंत्रिकाशास्त्रातील अनेक संशोधक मात्र डोक्याच्या वरून किंवा मागून पाहिल्याची कल्पना करतात व रुग्णाची उजवी बाजू चित्रातही उजवीकडेच ठेवतात. दोन्ही संकेत सारखेच योग्य आहेत. न सांगता वापरलेला संकेत मात्र अयोग्य होय. फिल्मच्या काळात शिशाचे अक्षर चित्रातच उमटवून बाजू दाखवीत. फिल्म उलटी लावली, तर अक्षरही उलटे दिसे व चूक आपोआप उघडकीस येई. संख्यांच्या मांडणीत ही सोय राहिली नाही.

अवकाशाच्या सहनिर्देशक पद्धती : मेंदूतील स्थान तीन अंतरांनी सांगण्याची कल्पना प्रतिमादर्शनाहून बरीच जुनी आहे. व्हिक्टर हॉर्स्ली व रॉबर्ट हेन्री क्लार्क यांनी १९०८ मध्ये प्राण्यांच्या मेंदूतील ठराविक ठिकाणी सूक्ष्म विद्युत्‌ अग्र नेऊन पोहोचविणाऱ्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात कर्णरंध्रे व नेत्रकोटराची खालची कडा यांच्या आधारे प्रतले ठरविली होती. मानवी कवटीचा आकार व्यक्तिपरत्वे बराच बदलत असल्याने हे आधार माणसाच्या बाबतीत पुरेसे ठरले नाहीत. अर्न्स्ट स्पीगेल व हेन्री वायसिस यांनी १९४७ मध्ये मानवासाठी अशी पद्धत वापरली, तेव्हा मेंदूतील द्रवयुक्त पोकळ्यांत हवा भरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून मेंदूच्या आतीलच खुणांचा आधार घेतला.

फ्रेंच शल्यचिकित्सक झां तालेराक यांनी दोन गोलार्धांना जोडणाऱ्या अग्र संयोजिका व पश्च संयोजिका या लहान तंतुगुच्छांना जोडणारी रेषा आधारभूत मानली. या दोहोंतील अंतर २५ मिमी.च्या आसपास असते. अग्र संयोजिका हा आदिबिंदू, उजवीकडे क्ष, पुढे य व वर झ या धन दिशा, अशी ही पद्धती आहे. तालेराक व पियेर तुर्नू यांचा १९८८ चा नकाशासंग्रह दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. तो एकाच, सुमारे ६० वर्षे वयाच्या स्त्रीच्या मृत्यूत्तर मेंदूवर आधारलेला होता, ही त्याची उघड मर्यादा होती. त्यामुळे माँट्रिऑल येथील तंत्रिकाविज्ञान संस्थेत प्रथम ३०५ व पुढे १५२ निरोगी तरुणांच्या एमआरआय प्रतिमांची सरासरी काढून नवे साचे तयार करण्यात आले. हे साचे तालेराक यांच्या मेंदूहून मोठे असून काही ठिकाणी दोन पद्धतींतील सहनिर्देशकांत सुमारे १ सेंमी.पर्यंत फरक पडतो. म्हणून पद्धतीचे नाव न देता दिलेले सहनिर्देशक निरुपयोगी समजावेत. पाश्चात्त्य साचे इतर समाजांना कितपत लागू पडतात हाही प्रश्न आहे. हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये १०० भारतीय तरुण-तरुणींच्या प्रतिमांवरून भारतीय मेंदूचा साचा प्रसिद्ध केला. तो माँट्रिऑलच्या साच्याहून आकाराने लहान आहे. शल्यचिकित्सक आदिबिंदू बहुधा दोन संयोजिकांच्या मध्यावर घेतात, तालेराक यांच्याप्रमाणे अग्र संयोजिकेवर नव्हे. एकाचे आकडे दुसऱ्याने घेताना हे १ सेंमी.हून अधिक अंतर विसरून चालत नाही.

अनुक्रमांकांचे मिलिमीटरांत रूपांतर : घनघटकाच्या अनुक्रमांकांवरून प्रत्यक्ष स्थान काढण्यास आव्यूहाचा उपयोग करतात. त्यात घनघटकांचे आकारमान, अक्षांचे परिभ्रमण व आदिबिंदूचे स्थानांतर या सर्वांचा समावेश असतो. माँट्रिऑल साच्याच्या २ मिमी. घनघटकांच्या एका प्रचलित आवृत्तीचे उदाहरण घेता येईल. तीत ९१ × १०९ × ९१, म्हणजे ९,०२,६२९ घनघटक आहेत. प, फ, ब हे शून्यापासून मोजलेले अनुक्रमांक असल्यास, क्ष = ९० − २प, य = २फ − १२६ व झ = २ब − ७२ ही सूत्रे मिळतात. पहिल्या सूत्रातील ऋण चिन्ह असे दर्शविते की, प वाढत असता आपण डावीकडे जातो. (६४, ५२, ६४) या घनघटकाचे स्थान त्यानुसार (−३८, −२२, ५६) येते. हा डाव्या गोलार्धातील, उजव्या हाताच्या हालचालींशी संबंधित भाग होय. संगणक कार्यक्रमाने ते ऋण चिन्ह दुर्लक्षून क्ष = २प − ९० असे धरले, तर उत्तर (३८, −२२, ५६) येईल; म्हणजे तोच संकेत उजव्या गोलार्धात, डाव्या हाताच्या भागात असल्याचे दिसेल. चित्रात कसलाही दोष जाणवणार नाही. अनुक्रमांक शून्याऐवजी एकपासून मोजल्यास किंवा घनघटकाच्या मध्याऐवजी कोपरा धरल्यास होणारी चूक त्या मानाने किरकोळ, अनुक्रमे एक व अर्ध्या घनघटकाची असते.

आव्यूहाच्या परिभ्रमण दर्शविणाऱ्या भागाच्या निर्धारकाचे चिन्ह ही येथे उपयुक्त कसोटी आहे. वरील उदाहरणात ते ऋण आहे. त्याचा अर्थ ती मांडणी प्रत्यक्ष अवकाशाच्या तुलनेने आरशातील प्रतिबिंबासारखी साठविलेली आहे. ही चूक नव्हे. आव्यूह सोबत असेपर्यंत प्रतिमा पूर्णतः बिनचूक असते. मांडणीतील क्रम बदलून आव्यूह तसाच ठेवणे किंवा आव्यूह बदलून मांडणी तशीच ठेवणे हेच बहुतेक घोटाळ्यांचे मूळ आहे.

फाइलींचे संकेत : रुग्णालयांत डायकॉम हा संकेत वापरतात. १९८५ च्या एका अमेरिकन मानकातून तो विकसित झाला व १९९३ मध्ये त्यास हे नाव मिळाले. त्यात प्रत्येक छेदाच्या पहिल्या चित्रघटकाच्या मध्याचे स्थान व सहा दिक्कोज्या नोंदविलेल्या असतात. छेदांचा क्रम या स्थानांवरून लावावा; फाइलींच्या नावांवरून लावल्यास तो उलटण्याचा संभव असतो. सीटी यंत्राचे कडे तिरपे केले असल्यास छेद एकमेकांवर काटकोनात रचले जात नाहीत व तिकडे लक्ष न दिल्यास डोके तिरपे झालेले दिसते. डायकॉममध्ये क्ष रुग्णाच्या डावीकडे व य मागे वाढतो. संशोधनात रूढ असलेल्या पद्धतीत तो अनुक्रमे उजवीकडे व पुढे वाढतो. येथे दोन अक्षांची चिन्हे एकदम बदलत असल्याने हा फरक केवळ अर्ध्या फेऱ्याच्या परिभ्रमणाइतका आहे. एकाच अक्षाचे चिन्ह बदलले, तर मात्र प्रतिबिंब तयार होते.

मेयो क्लिनिकमध्ये विकसित झालेला ‘ॲनालाइझ’ हा संकेत संशोधनक्षेत्रात पुष्कळ काळ प्रचलित होता. त्याची शीर्षनोंद ३४८ बाइटांची असून तीत दिशेसाठी ठेवलेली जागा सर्वत्र सारख्या रीतीने वापरली गेली नाही. परिणामी एकच फाइल दोन प्रणालींत परस्परविरुद्ध बाजू दाखवी. यावर उपाय म्हणून २००३ मध्ये ‘निफ्टी’ हा संकेत ठरविण्यात आला (शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी त्याचे केवळ नामसादृश्य आहे). जुन्या प्रणालींनाही फाइल वाचता यावी म्हणून शीर्षनोंदीची लांबी तीच ठेवून तीत दोन रूपांतरांची सोय केली : एक यंत्रातील स्थितीशी व दुसरे बहुधा प्रमाण साच्याशी संबंध जोडणारे. प्रत्येकासोबत एक संकेतांक असतो. तो शून्य असल्यास त्या रूपांतरावर विसंबू नये. दोन्ही रूपांतरे भरलेली व एकमेकांशी विसंगत असल्यास कोणते घ्यावयाचे याविषयी प्रणालींत आजही एकवाक्यता नाही, हा या संकेतातील उणा भाग म्हणावा लागेल. पाण्याच्या रेणूंच्या विसरणावरून तंतुमार्ग शोधताना चुंबकीय उतारांच्या दिशाही प्रतिमेबरोबर फिरवाव्या लागतात. तसे न केल्यास तंतू भलतीकडेच वळल्याचे दिसतात.

खातरजमा : सर्वांत भरवशाचा उपाय अगदी साधा आहे. प्रतिमा घेताना रुग्णाच्या उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची तेलयुक्त गोळी चिकटवितात. एमआरआयमध्ये तेल ठळक उमटते व पुढे प्रतिमा कितीही वेळा उलटसुलट झाली, तरी ही खूण तिच्याबरोबरच जाते. शस्त्रक्रियागृहात प्रतिमेव्यतिरिक्त रुग्णाच्या शरीरावर खूण करून बाजू पडताळण्याचा दंडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये पुरस्कारलेल्या तपासणीसूचीतही शस्त्रक्रियेच्या जागेच्या खुणेचा समावेश आहे.

प्राण्यांच्या बाबतीत विशेष दक्षता लागते. यंत्रातील नोंदी उताण्या झोपलेल्या माणसास अनुसरून असतात, तर उंदीर किंवा माकड बहुधा पालथे ठेवतात. पालथा प्राणी उताणा म्हणून नोंदविला गेल्यास पुढची-मागची व उजवी-डावी अशा दोन्ही खुणा एकदमच उलट्या पडतात. यांपैकी डोळ्यांना दिसणारी पुढची-मागची चूक तेवढी दुरुस्त करून थांबल्यास, मुळात न उलटलेली प्रतिमा त्या दुरुस्तीनेच उलटते.