अपोफिस : वाढत्या आकड्याचा अर्थ

१९ जून २००४ रोजी अमेरिकेतील किट पीक येथून रॉय टकर, डेव्हिड थोलेन आणि फाब्रिझिओ बर्नार्डी यांनी एक लघुग्रह शोधला. सुमारे ३४० मीटर व्यासाचा हा धोंडा पुढे ‘अपोफिस’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या डिसेंबरात गणिते सांगू लागली, की १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीवर आदळू शकेल. नवे वेध येत गेले तशी शक्यता चढत गेली आणि २७ डिसेंबरला २.७ टक्क्यांवर पोचली. आदल्याच दिवशीच्या त्सुनामीमुळे ही बातमी झाकोळली गेली.

माहिती वाढली की भीती कमी व्हायला हवी. इथे उलटे का झाले?

थोड्या दिवसांच्या वेधांवरून कक्षा काढली, तर पंचवीस वर्षांनंतरचे स्थान बिंदूने दाखवता येत नाही. हाती येतो एक लांबलचक पट्टा. लघुग्रह त्यात कुठेतरी असणार. पृथ्वी त्या पट्ट्यात सापडली, तर तिने पट्ट्याचा जेवढा हिस्सा व्यापला, तेवढी ढोबळमानाने टकरीची शक्यता. नवे वेध पट्टा आखूड करतात, पृथ्वी मात्र तेवढीच राहते. साहजिकच तिचा हिस्सा वाढतो. पट्टा पृथ्वीवरून सरकला, की आकडा एकदम शून्याकडे कोसळतो.

तसेच झाले. २७ डिसेंबरलाच मार्च २००४ मधल्या जुन्या छायाचित्रांत अपोफिस सापडला आणि २०२९ची टक्कर बाद झाली. लघुग्रहाने वाट बदलली नव्हती. आपले अज्ञान घटले होते.

२०२९मध्ये तो पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही आतून जाईल. पृथ्वीच्या ओढीने त्याची ३२४ दिवसांची प्रदक्षिणा सुमारे चौदा महिन्यांची होईल. या वळणामुळेच २०३६ आणि २०६८ या वर्षांविषयी शंका उरल्या होत्या. २०३६ची शंका आधीच मिटली होती; मार्च २०२१मध्ये गोल्डस्टोनच्या रडारने घेतलेल्या वेधांनी २०६८चीही मिटवली. किमान शंभर वर्षे धोका नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाबाबत हीच गोष्ट पुन्हा घडली. शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि काही दिवसांत जवळपास शून्यावर आली. तेव्हा चढता आकडा खोटा नव्हता, उतरताही नव्हता. तो अर्ध्यावर आलेल्या मोजणीचा आकडा होता. पुढचा असा आकडा वाचताना घाबरण्याआधी एवढेच विचारावे : मोजणी पुरी झाली आहे का?