मुक्त अ‍ॅपची जुळणी : परभणीच्या शिवारापासून संगणकापर्यंत

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. येथील एखाद्या विद्यार्थ्याने जिंतूर किंवा गंगाखेडच्या शिवारात सोयाबीन, कापसाची पाहणी करायचे ठरवले, तर कागदी तक्त्यांऐवजी त्याला 'ओडीके कलेक्ट' हे अ‍ॅप वापरता येईल. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाचे हे अ‍ॅप. मोबाइलला रेंज नसतानाही त्यात अर्ज भरता येतात आणि रेंज मिळताच ते पाठवता येतात.

या अ‍ॅपचा कोड 'अपाचे २.०' परवान्यानुसार सर्वांना खुला आहे. त्यामुळे एखादी अडचण आली, तर दूरच्या कंपनीची वाट न पाहता दुरुस्ती परभणीतच करता येते. मात्र त्याआधी संगणकावर विकसनाची जुळणी करावी लागते.

काय लागते?

'अँड्रॉइड स्टुडिओ' ही गुगलची मोफत प्रणाली आणि 'गिट' एवढे पुरते. आवश्यक जावा सहसा स्टुडिओसोबतच येते. तरीही कोणती आवृत्ती हवी, हे प्रकल्पाच्या 'रीडमी' फायलीत आधी वाचावे. संगणकात किमान ८ जीबी रॅम असावी.

क्रम असा

गिटहबवर कोडची स्वतःची शाखाप्रत, म्हणजे 'फोर्क' तयार करावी. 'गिट क्लोन' आज्ञेने ती संगणकावर उतरवून स्टुडिओत उघडावी. यानंतर 'ग्रेडल' लागणारे सारे घटक इंटरनेटवरून आणते. मंद जोडणीवर हा टप्पा बराच वेळ घेतो, त्यामुळे तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उरकणे सोयीचे. उतरलेले घटक साठून राहतात. त्यामुळे पुढील जुळणी 'ऑफलाइन' पर्यायानेही होऊ शकते.

चाचणीसाठी संगणकावरील आभासी फोन फार रॅम खातो. त्याऐवजी स्वतःचा हँडसेट वापरावा. सेटिंग्जमधील 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की विकसकांचे पर्याय उघडतात. त्यातील 'यूएसबी डीबगिंग' सुरू करून फोन केबलने जोडावा.

एक इशारा

स्वतः तयार केलेल्या प्रतीची डिजिटल स्वाक्षरी वेगळी असते. त्यामुळे प्ले स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपवर ती बसली नाही, तर घाईने जुने अ‍ॅप काढू नये. न पाठवलेले अर्जही त्याबरोबर नष्ट होतील. दिवसभर बांधावर उभे राहून घेतलेल्या नोंदी पुन्हा मिळत नाहीत. चाचणीचा फोन वेगळाच ठेवावा.

पहिली दुरुस्ती छोटीच असावी. पडद्यावरील मजकूर कोडपासून वेगळ्या फायलींत असतो. त्यातील एक शब्द बदलून अ‍ॅप चालवून पाहिले आणि बदल फोनवर दिसला, की जुळणी साधली असे समजावे. दुरुस्ती सर्वांच्या उपयोगाची असेल, तर ती 'पुल रिक्वेस्ट'द्वारे मूळ प्रकल्पाकडे पाठवता येते. ती स्वीकारली गेली, तर परभणीत सुटलेली अडचण जगभरातील वापरकर्त्यांचीही सुटते.